माझी काळी पाच

९ फेब्रुवारी

ही डायरी नातीनं, पायलनं दिली. तिचा बाप जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटवर हाय, त्याला कंपनीकडून फुकट भेटली. प्रत्येक पानाच्या खाली कपाशीबद्दल एक सल्ला छापलाय. आपल्याकडं कपाशी न्हाई, पन वाचायला काय जातं.

पायल म्हणली, आजोबा, तुमच्या गाण्याच्या आठवणी लिहून काढा, नव्या कलाकारांना उपयोग होईल. बराबर बोलली. 'वसंता आणि पार्टी' म्हणजे एकेकाळी भोकरदन तालुक्यात भीमगीतांचा शेवटचा शब्द होता. चौदा एप्रिल वर्षातून एकच येते अन् गावं ढीगभर. आमची तारीख न्हाई भेटली तर लोक मे महिन्यात जयंती करायचे, पन आम्हालाच बलवायचे.

आजपासून रोज एक पान. बिलकुल खाडा न्हाई.

२३ फेब्रुवारी

मधी लिहायचं राहून गेलं. पेन नीट चालत नव्हता.

आज दुपारी फोन वाजला. जालन्याहून संघपाल नावाचा पोरगा बोलून राह्यला होता. जय भीम केला, म्हणला, सर, जयंतीनिमित्त बारा एप्रिलला आम्ही नवीन कलाकारांचा कार्यक्रम ठेवलाय, त्यात एखाद्या जुन्या कलाकाराचं मार्गदर्शन पाहिजे, तुम्ही पंधरा मिनिटं बोलाल का. मला 'सर' म्हणला. मी लगेच हो म्हणलो न्हाई. डायरी बघून सांगतो म्हणलो. डायरी बघितली. बारा एप्रिलच्या पानावर नांगरटीचा सल्ला होता, बाकी पान कोरं. मंग फोन करून होकार दिला. गया, आमची मंडळी, म्हणली, चहाला उकळी येऊस्तोर तरी थांबायचं.

दोन वर्षं झाले, जयंतीला एका बी गावानं बलावलं न्हाई. सगळे डीजे लावून राह्यले. त्याचा मला राग बिलकुल न्हाई. मी फक्त फोन चार्जिंगला लावून ठिवतो. कधी कोणाला तारीख पाहिजे असंल, सांगता येत न्हाई.

हा कार्यक्रम झाला की फोन सुरू होतील. बोलून झाल्यावर एक गाणं म्हणायचंच. लोक आग्रह करतीलच, अन् न्हाई केला तरी माईक माझ्याच हातात असंल.

२४ फेब्रुवारी, सकाळी

तंबाखू आजपासून बंद. थंड पाणी बंद. जेष्ठमधाची काडी दिवसभर तोंडात. पहाटे गच्चीवर रियाज.

त्याच दिवशी, दुपारी

तंबाखू एकदम सोडली की आवाजाला झटका बसतो, असं भुजंग म्हणला. तो आमचा ढोलकवाला हाय, त्याचा अनुभव मोठा. हळूहळू सोडायचं ठरलं. रियाज उद्यापासून, कारण गच्चीवर गयानं मिरच्या वाळू घातल्यात.

२ मार्च

मिरच्या आजून वाळल्या न्हाईत. तवर भाषणाची तयारी.

नव्या पोरांना आधी पट्टी काय असते ते सांगावं लागंल. पेटीवरच्या ज्या बटनाला आपण 'सा' धरतो ती आपली पट्टी. काळं-पांढरं प्रत्येक बटन म्हणजे एक घर; जितकं पुढचं घर, तितका आवाज उंच. आमच्या लाईनीत बाकीचे गडी काळी दोन, फार तर काळी तीनमधी गातात. मी काळी पाच, म्हणजे पाचवं काळं बटन. पहिल्या कार्यक्रमापासून आजपर्यंत काळी पाच. मधी घशाला गाठ आल्ती, औरंगाबादला ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणला, आता उंच गाता येणार न्हाई. दोन महिन्यांनी पहिलाच कार्यक्रम काळी पाचमधी केला. ऑपरेशनचा आवाजावर परिणाम शून्य. त्याच टायमाला कडूबानं नवी पेटी घेतली होती, तिचं बी उद्घाटन झालं.

कडूबा म्हणजे आमचा पेटीवाला. सुरुवातीपासून सोबत हाय. वाजवतो बरा. स्वभाव जरा भित्रा.

भाषणात मुख्य सल्ला हाच द्यायचा: ज्या दिवशी पट्टी उतरंल, त्या दिवशी कलाकारानं माईक खाली ठेवावा. हे वाक्य लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं. अंगावर काटा आला. गया म्हणली, भाजी आणायची राह्यली.

८ मार्च

कडूबाच्या घरी प्रॅक्टिस. भुजंग बी आल्ता. माझं ते लाकडाच्या मोळीवालं गाणं घेतलं, मोळ्या विकून पोरीला शिकवणाऱ्या बाईचं. शब्द माझे, चाल माझी. तिसऱ्या अंतऱ्यात आवाज वर जातो अन् तिथंच थांबतो. त्या जागेवर लोकांनी टोप्या फेकलेल्या मी बघितल्यात.

कडूबानं नेहमीसारखी पेटी उघडली, वर टॉवेल टाकला अन् खाली हात घालून खुडबुड केली. ही त्याची लई जुनी सवय हाय. विचारलं तर म्हणतो, मास्तर, एक बटन ढिलं हाय. मंग त्यानं विचारलं, पट्टी कोणती धरू. दरवेळी विचारतो. मी म्हणलो, काळी पाच. सूर लागला तो असा की बस. भुजंगाचा ढोलक मातर ढिला वाटला. पूर्वी लई कसायचा, आता वय झालंय त्याचं.

पायल सुट्टीला आल्ती, कोपऱ्यात बसून ऐकून राह्यली होती. तिच्या मोबाईलमधी आवाजाची पट्टी दाखवणारं काहीतरी हाय. ती म्हणली, आजोबा, हे काळी तीन दाखवतंय. कडूबाला एकदम ठसका लागला. पाणी पिऊन म्हणला, मोबाईलचं काय खरं असतंय बाई. मी बी तेच म्हणलो. एवढ्याशा मोबाईलला पेटीची अक्कल कुठून येणार.

१० मार्च

पायलनं मोबाईलवर तंबोरा लावला, काळी पाच म्हणून, अन् गायला बसली. मी संग गायला गेलो तर पोरगी भलतीच वर. ओरडू नको म्हणलो. ती म्हणली, आजोबा, हीच काळी पाच हाय. मोबाईल बिघडला की माणसाला असं वाटतं. तिला सल्ला दिला, मशीन सोड, मोठ्यांच्या आवाजाला आवाज मिळव. तिनं मोबाईल बंद केला अन् माझ्याकडं जरा वेळ बघत बसली. आदरानं असंल.

१९ मार्च

संघपालचा फोन. नव्या कलाकारांच्या यादीत पायलचं बी नाव हाय. हे तिनं मला सांगितलंच न्हाई. तिचं स्टेजवरचं पहिलंच गाणं, अन् ते माझ्या मार्गदर्शनानंतर लगेच. म्हणजे माझ्याकडं बघून शिकायला तिला बराबर टाईम भेटंल.

तिथं पेटी न्हाई, कीबोर्ड हाय. पायलला वाजवता येतो. तिनं फोनवर समजावून सांगितलं की त्यात एक सोय असती, बोट त्याच बटनावर ठेवायचं अन् सूर खाली-वर करून घ्यायचा. मी म्हणलो, बोट एका घरात अन् सूर दुसऱ्याच घरातला, ही सरळ फसवणूक हाय. ती म्हणली, चांगल्या पेटीत बी असतं, आजोबा, सगळी बटनंच एकदम सरकवता येतात. असतील. आपल्या पार्टीत असलं काही चालत न्हाई.

२३ मार्च

कडूबाशी वाजलं.

तो म्हणला, कार्यक्रमाला माझी पेटी येऊ द्या, मी वाजवतो. मी म्हणलो, आता कीबोर्डचा जमाना हाय, नव्या लोकांसमोर नवीन चेहरा पाहिजे. कडूबा म्हणला, कीबोर्ड बी ठिवा, पन पेटी पाहिजेच. मी म्हणलो, तुला स्टेजवर बसायची हौस हाय म्हणून चाललंय हे. त्यानं टॉवेलाची घडी घातली. मंग म्हणला, गाणं नका म्हणू मास्तर, नुसतं बोला, बोलता तुम्ही चांगलं.

हे मला लागलं. इतकी वर्षं ज्याला शेजारी बसवलं तो मला म्हणतो गाऊ नका. जळतात लोक, दुसरं काय. मी म्हणलो, तुझ्या पेटीशिवाय माझं अडत न्हाई. चहा तसाच ठिवून उठून आलो.

पानाखाली लिहिलंय, फुलकिडे वेळीच ओळखा.

५ एप्रिल, संध्याकाळी

मिरच्या निघाल्या, पन खालच्या बाजूला कोणीतरी कपाशीची वाळकी पऱ्हाटी पेटवली, धूर झाला. गच्चीवर रियाज जमला न्हाई. म्हणून बुद्धविहारात गेलो, तिथं एक जुनी पेटी असती. एकटाच होतो. काळी पाच दाबली अन् सा लावला. लागला न्हाई. पुन्हा लावला. आवाज फाटला.

पेटी बिघडलेली हाय. उंदरांनी आतून काहीतरी खाल्लं असणार, त्यानं सूर चढतो. मोबाईलचा चढलाय, पायलचा चढलाय, आता विहारातल्या पेटीचा बी. एकट्या कडूबाची पेटी बराबर हाय, अन् कडूबाशी बोलणं बंद हाय.

थोडी भीती वाटली. खरं लिहायला काय हरकत हाय, कोण वाचणार हाय हे. रिकाम्या विहारात आवाज फाटला तर कोणी हसत न्हाई, म्हणूनच जास्ती वाईट वाटतं. गाणं गेलं तर मी म्हणजे कोण, हे मला सांगता यायचं न्हाई. आमच्या गावात, हसनाबादमधी, रिकामे म्हातारे भरपूर हायत, पारावर जागा नसती बसायला. मला तिथं बसायचं न्हाई.

दमट हवेनं आवाज बसतो, हे खरं कारण हाय. हवा कोरडी होती, पन विहाराच्या भिंती दमट असतात.

११ एप्रिल

पायल कीबोर्ड घेऊन आली, म्हणली, एकदा यावर प्रॅक्टिस करून घेऊ. न्हाई म्हणलो. आदल्या दिवशी आवाज खर्च करायचा नसतो, हा बी एक सल्ला हाय, भाषणात टाकला. ती म्हणली, आजोबा, निदान एक ओळ. मी जेष्ठमध तोंडात टाकलं अन् बोलणं बंद केलं.

दुपारी भुजंग सायकलवर पेटी बांधून आला. कडूबानं पाठवली होती. निरोप असा की पायलला वाजवू द्या, फक्त पेटी जशी उघडंल तशीच ठिवा, बटनं सरकवू नका. म्हणजे स्वतःला न्हाई बलावलं तर निदान पेटी तरी स्टेजवर पाहिजे. नाव करायची किती ती हौस. परत पाठवली. भुजंग म्हणला, मास्तर, ठिवून घ्या, ऐका माझं. मी ऐकलं न्हाई. तो सायकल हातात धरून पायी गेला.

१२ एप्रिल, सकाळी

नवीन पांढरा शर्ट. निळं उपरणं. आवाज चांगला वाटतोय, बोलून बघितलं. गाऊन बघितलं न्हाई.

१३ एप्रिल

काल काय झालं ते लिहायचं का न्हाई, याचा सकाळपासून विचार करतोय. डायरी आपलीच हाय.

हॉल भरला होता. सगळी तरणी पोरं-पोरी. संघपालनं शाल घातली. मी बोलायला उठलो अन् बोललो, सगळं आठवून आठवून बोललो. मधी संघपालनं चिठ्ठी आणून दिली. कार्यक्रमात चिठ्ठी आली म्हणजे फर्माईश असती, म्हणून मी न वाचता खिशात ठिवली अन् गाणार हाय, गाणार हाय, असं माईकवर सांगितलं. मंग आजून एक चिठ्ठी आली, ती बी ठिवली. शेवटी ते वाक्य बोललो, ज्या दिवशी पट्टी उतरंल त्या दिवशी कलाकारानं माईक खाली ठेवावा. लई टाळ्या पडल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

मंग गाणं. पायल कीबोर्डवर बसली. माझ्या कानाशी येऊन म्हणली, आजोबा, चार घरं खाली घेते, कोणाला कळणार न्हाई. माझ्या हातात माईक चालू होता. मी म्हणलो, काळी पाच. ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

पायलनं सूर दिला. तो विहारातला सूर होता. मोबाईलमधला बी तोच होता. पहिली ओळ कशीतरी ओढली. दुसऱ्या ओळीला आवाज वाकला अन् तिसरीला निघालाच न्हाई, नुसती हवा निघाली. खोकलो. पाणी पिलो. पुन्हा तेच. मागच्या रांगेत एकानं मोबाईल वर धरला. पहिल्या रांगेत एक पोरगी खाली मान घालून बसली. मला तिच्याकडं बघवलं न्हाई.

तवा पायलनं माझ्याकडं न बघता कीबोर्डवरचं एक बटन चार वेळा दाबलं अन् सूर पुन्हा दिला.

अन् आवाज लागला. अगदी जागेवर लागला. मोळीवाल्या बाईचं गाणं सुरू झालं, पहिला अंतरा गेला, दुसरा गेला, लोक टाळ्या धरायला लागले. मला वाटलं, आली माझी काळी पाच. तिसऱ्या अंतऱ्याला वर जाताना माझी नजर पायलच्या हाताकडं गेली. बोट काळी पाचवरच होतं. शेजारच्या छोट्या पडद्यावर वजा चार लिहिलेलं होतं.

वर थांबायच्या जागेवर मी थांबलो, अन् तिथं उभ्या उभ्या मला सगळं दिसलं. टॉवेल. ढिलं बटन. ढिला ढोलक. उंदरांनी न खाल्लेली विहारातली पेटी. भुजंग सायकल हातात धरून पायी का गेला. ऑपरेशन झाल्यापासूनचे सगळे कार्यक्रम, सगळ्या जयंत्या, लोक टोप्या फेकायचे ती जागा. मी लोकांना काळी पाच म्हणून सांगत आलो, अन् कडूबा खाली टॉवेलात हात घालून बसलेला.

गाणं पुरं केलं. टाळ्या पडल्या, खोटं कशाला लिहू. पन दहा मिनिटांपूर्वी मी काय बोललो ते सगळ्यांनी ऐकलं होतं. माईक खाली ठिवला अन् खुर्चीवर जाऊन बसलो.

मंग पायलचं नाव पुकारलं. तिनं चार वेळा बटन दाबून सूर पुन्हा वर घेतला. ती खऱ्या काळी पाचमधी गायली, वर गेली, अन् तिचा आवाज फाटला न्हाई. मला आनंद व्हायला पाहिजे होता. आधी रडू आलं. आनंद झाला, पन तो नंतर, गाडीत.

घरी येऊन चिठ्ठ्या वाचल्या. पहिलीत होतं, सर, कृपया आटोपतं घ्या. दुसरीत होतं, सर, प्लीज.

१४ एप्रिल

गावात जयंती. डीजे सकाळपासून. गेलो न्हाई. फोन चार्जिंगला लावला न्हाई.

गयानं खीर केली. काही बोलली न्हाई. एरवी ती बोलती म्हणून मी वैतागतो.

१९ एप्रिल

आज कडूबाकडं गेलो. पार्टी बंद केली एवढं सांगून परत यायचं, बसायचं बी न्हाई, असं ठरवून गेल्तो. भुजंग बी त्या दिवशी हॉलमधी आल्ता, त्याच्याकडून कडूबाला सगळं कळालं होतं. तो ओट्यावर पेटी पुसत बसला होता. मला बघून सरकला अन् जागा केली. मी बसलो.

मंग मीच विचारलं, काऊन केलं हे. मला वाटलं, हात जोडंल, न्हाई तर चिडंल. तो पुसता पुसता म्हणला, वसंता, औरंगाबादहून जीपमधी येताना गळ्याला पट्टी होती तुझ्या. बोलता येत नव्हतं, तर हातानं विचारलंस, काळी पाच राहील का. मी म्हणलो, राहील. बोलून गेलो होतो. मंग ठिवावी लागली.

एरवी तो मला मास्तर म्हणतो. आज वसंता म्हणला.

मी म्हणलो, मी भर हॉलमधी सांगून बसलोय, पट्टी उतरली की माईक खाली ठेवावा. कडूबा म्हणला, ठिवला का. मी म्हणलो, ठिवला. तो म्हणला, बरं केलं, रविवारी तसा बी माईक न्हाई. भोकरदनच्या अलीकडं एका घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाय. म्हातारी वारली, मोळीवालं गाणं तिला आवडायचं म्हणून लेकानं आपल्याला बलावलंय. माईकाचा खर्चा नको म्हणले, चार भिंतीत बसून म्हणायचं. मयताच्या घरी डीजे चालत न्हाई, तेवढी जागा आपल्याला राह्यली.

मी नको म्हणणार होतो. तोंड उघडलं तर विचारलं, किती वाजता. तो म्हणला, सकाळीच, जेवणाच्या आधी.

मंग त्यानं पेटी उघडली. टॉवेल उचलला, माझ्याकडं बघितलं, अन् टॉवेल खांद्यावर टाकला. विचारलं, पट्टी कोणती धरू.

मी म्हणलो, काळी पाच.

त्यानं माझ्यासमोर बटनं खाली सरकवली. एक, दोन, तीन, चार घरं. जरा थांबला. माझ्या गळ्याकडं बघितलं अन् आजून एक घर सरकवलं. मी भिंतीकडं बघत बसलो. त्यानं काळी पाच दाबली.

सा लावला. बराबर बसला.